अंबरीशचा पूर्णविराम

इतिवृत्तात छापलंय:

श्री. सबनीस, घर क्रमांक १४: आम्हाला याचा फायदा आहे.

अश्लेषाने ऐकलं होतं:

आम्हाला याचा फायदा आहे?

ती नवऱ्याच्या शेजारीच बसली होती, हातात खेमेन्टेची फुकट कॉफी. खेमेन्टे म्हणजे इथली नगरपालिका. खाली दलदल असल्याने रस्ता दरवर्षी खचतो, तो आता उचलून नवा बांधायचा, म्हणून सभा होती. अंबरीश उभा राहिला आणि त्याने विचारलं. मराठीत विचारतात तसं: वाक्य सरळ, शेवटी फक्त आवाज वर. डचमध्ये प्रश्न विचारायचा तर क्रियापद उचलून पुढे आणावं लागतं. त्याचं जागच्या जागी राहिलं. टिपणं घेणाऱ्या बाईंना आवाज काही लिहिता येत नाही. त्यांनी टिंब दिलं.

आणि या गृहस्थाने काय करावं? त्या पानाचा फोटो काढून मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. ‘डच सभेत डचमधून बोललो. सरकारी कागदावर आलंय.’ एकोणचाळीस अंगठे आले. ब्रेडा गावच्या वासंतीताईंनी तर हात जोडले.

रस्ता झाला. चाळीस सेंटिमीटर वर. छान विटा, नवे दिवे, मधोमध फुलांची भलीमोठी कुंडी, जिला शिव्या घालत प्रत्येक गाडी वळसा घेते. घरं होती तिथेच राहिली. पाऊस पडला की रस्ता कोरडा आणि चौदा नंबरचं अंगण तळं.

मग पाकीट आलं. बाटबेलास्टिंग. ‘बाट’ म्हणजे लाभ, ‘बेलास्टिंग’ म्हणजे कर. तुमच्या दारासमोर आम्ही सुधारणा केली, तुम्हाला लाभ झाला, तेव्हा खर्चातला हिस्सा द्या. दर घरी चार हजार एकशे युरो.

‘बाट कसली, वाट म्हण,’ अश्लेषा म्हणाली. ‘वाट बांधली, आपली वाट लावली, आणि आता पैशांची वाट बघतायत.’

बावीस घरांनी मिळून हरकत घेतली: ही डागडुजी आहे, लाभ कुठला? खेमेन्टेचं उत्तर एका ओळीचं. रहिवाशांनी लाभ स्वतःच मान्य केला आहे. पाहा इतिवृत्त, क्रमांक १४.

सोळा नंबरच्या मेव्राउ, म्हणजे श्रीमती, डेकर एकट्या पेन्शनवर राहतात. त्या दिवसापासून त्यांनी अंबरीशला सकाळचं ‘हुडेमॉर्खन’ म्हणणं सोडलं.

‘उद्या सुनावणीत सांगून टाक,’ अश्लेषा म्हणाली. ‘प्रश्न होता, क्रियापद चुकलं. विषय संपला.’

‘मी डचची बी-टू परीक्षा पास आहे.’

‘पास झालेल्यांची क्रियापदं चुकत नाहीत?’

‘अगं, ग्रुपवर टाकलंय मी ते!’

‘मग एकोणचाळीस अंगठ्यांचं बिल बावीस घरांनी भरायचं?’

दहा वर्षांच्या संहिताने टॅबवरून मान उचलली नाही. ‘पापा, इट्स हेबन वै. नॉट वै हेबन. व्हर्ब फर्स्ट.’

‘तू गृहपाठ कर.’

सुनावणी. लांबलचक टेबल, माणशी एक बिस्कीट, डबा लगेच बंद. समितीच्या अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. ‘श्री. सबनीस, तुम्ही हे सांगितलं होतं की विचारलं होतं?’

इतका सोपा प्रश्न त्याला बी-टूलाही आला नसेल. एक शब्द बोलायचा होता. मागच्या रांगेतून मेव्राउ डेकर त्याच्या मानेकडे टक लावून बघत होत्या. अंबरीशने टाय नीट केला.

‘माझं वाक्य,’ तो म्हणाला, ‘व्याकरणदृष्ट्या बरोबर होतं.’

टिपणाचं पेन कागदावर टेकणार, तेवढ्यात

अश्लेषा उठली. तिचं डच सुपरमार्केटच्या काउंटरपलीकडे कधी गेलेलं नव्हतं: पिशवी नको, पावती नको. पण पिशवी नको म्हणायलाही ठामपणा लागतोच.

‘है फ्राख,’ ती म्हणाली. शब्दशः, ‘तो विचारणे’.

‘फ्रूख!’ अंबरीशच्या तोंडून गेलंच. दुसऱ्याची चूक ऐकली की या माणसाला गिळवत नाही. ‘भूतकाळ आहे. है फ्रूख. त्याने विचारलं.’

मागे कुणीतरी बिस्कीट मोडलं.

‘विचारलं,’ अध्यक्षबाई म्हणाल्या. ‘आभारी आहे. घ्या लिहून.’

अंबरीशने पुन्हा टाय नीट केला. व्याकरण बरोबर होतं.

नव्या इतिवृत्तात छापलंय:

श्री. सबनीस, घर क्रमांक १४: त्याने विचारलं.

कर रद्द झाला. मेव्राउ डेकर हल्ली ‘हुडेमॉर्खन’ म्हणतात, फक्त अश्लेषाला. या पानाचा फोटो ग्रुपवर गेला नाही. अंगणात अजून तळं साचतं; त्याचं काय करणार, असं खेमेन्टेला एकदा विचारायला हवं. पण अंबरीश आता काही विचारत नाही