दोन बोटं चुकलेलं जोतं

क्रेनला लटकून आख्खी खोली हवेत डुलत होती. खिडक्या, दार, वायरी, सगळं कारखान्यातूनच बसवून आलेलं. जोत्यावर ठेवायची, चार कोपऱ्यांचे बोल्ट आवळायचे, की झालं घर! लेकाने महिनाभर आक्कापुढे हेच पुराण लावलं होतं.

तीन भोकांत बोल्ट शिरले. चौथ्यावर खोली अडली. बोल्ट भोकापासून चांगला दोन बोटं लांब उभा.

"जोतं चुकलंय," कारखान्याचा माणूस म्हणाला.

आक्काने दिराकडे पाहिलं. जोतं त्याच्या हातचं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. हे काम त्यालाच द्यायचं हा हट्ट आक्काचा. "घरात गवंडी असताना बाहेरचा हात लागला, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील," असं म्हणून तिने लेकाला गप्प बसवलं होतं.

"दोन बोटांचं काय घेऊन बसलात?" दीर पुटपुटला. "कुठली भिंत बोटभर इकडेतिकडे होत नाही? गिलाव्यात जिरतं."

"काका, याला गिलावाच नाही," लेक म्हणाला.

"नकाशात मापं दिली होती की," कारखान्याचा माणूस म्हणाला. "पाहिली नाहीत?"

दिराने मान खाली घातली. त्याने नकाशा मागितला होता, आणि आक्काच फणकारली होती, "कागद बघून बाळंतपण करणाऱ्या सुइणीकडे मी कधी गेले नाही, भावजी!"

लेक घाईला आला. "क्रेन संध्याकाळी जाणार. चौथा बोल्ट कापून टाकू. तीन आहेत ना! आत कोण बघायला येतंय?"

"मला काय," कारखान्याचा माणूस म्हणाला. "सही द्या, मी निघतो."

"थांब रे सहीवाल्या," आक्का पुढे झाली. "हिच्यावर दुसरी खोली चढायचीय. तिथे माझी नातवंडं झोपणार. वादळात हा कोपरा उचलला, तर दुरुस्त कोण करणार?"

"कारखान्यातून माणूस येईल."

"किती दिवसांत?"

"वाटच दोन दिवसांची. माणूस मोकळा असला तर."

आक्काने मनाशी हिशेब केला. विटांचं घर आजारी पडलं, तर गल्लीतला कोणीही थापी घेऊन मलमपट्टी करतो. याचा वैद्य दोन दिवस लांब, आणि तोही मोकळा असला तर!

"खोली बाजूच्या मोकळ्या जागेत उतरवा," ती म्हणाली. "कोपरा फोडून नवा घालायचा. क्रेनचं पुन्हा भाडं मी भरीन."

"आई, सगळी गल्ली बघतेय. काकांचं नाव जाईल."

"नाव माझं घे." आक्काचा आवाज मुद्दामच चढला, कुंपणापलीकडच्यांना ऐकू जावा इतका. "भावजींनी नकाशा मागितला होता. मीच देऊ दिला नाही. अक्कल माझी गहाण पडली होती, त्यांची नव्हे!"

दिराने मान वर केली. "वहिनी, फोडायला दिवस जाईल. वर आठवडाभर पाणी मारावं लागेल."

"मग तोवर मुक्काम तुमच्याकडे. जाऊबाईंना सांगा, मी तोंड आवरून राहीन."

"ते तिला खरं वाटायचं नाही."

"मग कानांत बोळे घालायला सांगा!"

दीर हसला. हातोडा घेऊन तो कोपऱ्याशी बसला आणि कारखान्याच्या माणसाला म्हणाला, "वाचा माप. सावकाश वाचा." एकदा ऐकून त्याचं समाधान झालं नाही. पुन्हा वाचायला लावलं, आणि मगच त्याने पहिला घाव घातला.