मृगाई उठली त्याची गोष्ट

गुरुवारी मठापुढच्या माळावर पाय ठेवायला जागा नसे. श्रीगोंद्याकडून बैलगाड्या येत, थेट शेवगावहून ट्रकमध्ये उभ्याने माणसं येत. त्र्याहत्तर सालचा उन्हाळा, विहिरींनी तळ दाखवलेला, तरी नारळांचा ढीग कमरेइतका. ही सगळी धडपड एका हरणीच्या दर्शनासाठी. मृगाई तिचं नाव, मठात पाळलेली. ती मेली होती, गावादेखत मठाच्या आवारात पुरली होती, आणि तिसऱ्या दिवशी भर आरतीत, कपाळाला कुंकू लावून, पडद्याआडून चालत बाहेर आली होती.

मठाचे मृगानंद महाराज बाजेवर मांडी घालून सांगत, "यम आला. म्हटलं, पावती दाखव. त्याच्याकडं पावती न्हाई. म्हटलं, मग माल परत कर. गपगुमान ठेवून गेला."

लोक हात जोडत. बायका पदराने डोळे पुसत. मला हसू येई आणि रागही येई, पण मी तिथे पाहुणी होते.

मी नगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि त्या माळावर काळविटांचा अभ्यास करत होते. कालवा झाल्यापासून कळप दोन बाजूंना विभागले गेले होते. त्यांची आपसात सोयरीक अजून होते का, हा माझा प्रश्न. त्यासाठी जाळ्यात हरणं धरायची, थोडं रक्त घ्यायचं आणि सोडून द्यायची. पुण्याच्या प्रयोगशाळेत ते रक्त स्टार्चच्या जेलीत घालून वीज सोडली की त्यातल्या प्रथिनांच्या रेघा उमटतात. कुणाची रेघ पुढे सरकते, कुणाची मागे राहते. ही रेघ आईबापांकडून येते आणि मरेपर्यंत बदलत नाही.

या कामात माझा उजवा हात म्हणजे गावच्या शाळेचे हेडमास्तर विष्णुपंत. हरणाचे पाय धरायला तेच, मुलांना विज्ञान शिकवायला तेच. नारळातून करणी काढणाऱ्या एका मांत्रिकाचं बिंग त्यांनी शाळेच्या पटांगणात फोडलं होतं. तेव्हापासून गावात कसलीही शंका आली की लोक म्हणत, गुरुजींना विचारा. मीही त्यांना गुरूच मानत होते.

एके दिवशी खडीच्या कामावरून परतणारी मालनबाई वाटेत भेटली. तिची मुलगी बनू क्षयाने आजारी होती. दवाखान्यात मीच तिला माझ्या जीपमधून नेलं होतं, आणि इंजेक्शनांनी तिला उतारही पडला होता.

"बनूची सुई चालू आहे ना?" मी विचारलं.

"बंद केली, बाई. म्हाराज म्हनले, सुई आन् किरपा एका अंगात ऱ्हात न्हाईत. आन् पोरगी गेलीच तरी भिऊ नको, म्हनले, हरणी उठवली तशी उठवीन."

"आणि तुम्हाला ते खरं वाटलं?"

"नुसत्या म्हाराजांचं खरं धरलं नसतं. म्या गुरुजींना इचारलं. ते म्हनले, हरणी तीच हाय, म्या वळखली. मंग सुई बंद केली."

सुई पुन्हा सुरू करा म्हणून मी विनवलं, तिने ऐकलं नाही. मी तशीच शाळेत गेले. विष्णुपंत शांतपणे म्हणाले, "मेली नसेल हो, मूर्च्छा आली असेल. महाराजांनी पुरण्याचं नाटक केलं असेल. हरणी मात्र तीच." मला ते पटलं. विष्णुपंतांनी सांगितलेलं मला नेहमीच पटत असे.

तरी खात्री करावी म्हणून पुढच्या गुरुवारी मी महाराजांकडे मृगाईचं रक्त मागितलं. माळावरच्या हरणांबरोबर मठातल्या मृगाईचंही रक्त मी पूर्वी घेतलं होतं, त्यामुळे तिच्या मरणाआधीचा नमुना माझ्याकडे होताच. महाराज खूश झाले. गर्दीकडे वळून म्हणाले, "घे, पोरी. देवाचं रक्त तुझ्या यंत्रात मावतंय का बघ."

"राहू द्या ना, मुका जीव आहे," विष्णुपंत मध्येच म्हणाले. कळपातली कितीतरी हरणं त्यांनी माझ्यासाठी धरून ठेवली होती. मुक्या जिवाची आठवण त्यांना याआधी कधी झाली नव्हती.

पुण्याला मी जेलीची काच उजेडात धरली. ही रेघ जुन्या मृगाईची नव्हती. पण ती मला अनोळखीही नव्हती. अख्ख्या माळावर एकाच हरणीची रेघ अशी सगळ्यात मागे राहणारी होती. जाळ्यात तिचा पाय दुखावला होता, म्हणून ती शाळेच्या पडवीत विष्णुपंतांच्या देखरेखीखाली ठेवली होती. पाय बरा झाला, माळावर सोडून दिली, असं त्यांनी मला सांगितलं होतं. लबाडी पकडल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं.

परतल्यावर मी शाळेत जाऊन विचारलं, पडवीतली हरणी तुम्हीच महाराजांना दिलीत ना? विष्णुपंतांनी नाकारलं नाही. "गावाला टँकर मिळत नव्हता, सुचित्राबाई. अर्ज करून हात दुखले. मठात गर्दी झाली तशी मोठी माणसं दर्शनाला आली आणि टँकर सुरू झाला. एका हरणीने गावाला पाणी पाजलं. यात कुणाचं काय बिघडलं?"

"बनूचं औषध बंद झालं. तुमच्या शब्दावर."

"महाराज तसं काही सांगतील, हे मला ठाऊक नव्हतं."

"आणि मालनबाई विचारायला आली तेव्हा?"

त्यांनी फळा पुसायला घेतला. तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं.

मी मठात जाऊन सगळ्यांसमोर सांगितलं, ही हरणी दुसरीच आहे, रक्त जुळत नाही. महाराज गडबडले नाहीत. "मेलेली उठली, तर रक्त नवं नको का? नवा जन्म, नवं रक्त." गर्दीला हे लगेच पटलं. माझ्या रेघा कुणी पाहिल्या होत्या?

"ठीक आहे," मी म्हणाले, "उठून आली असेल, तर खड्डा रिकामा असेल. उकरून बघू."

"समाधीला लोखंड लागलं तर गावाचा सत्यानाश होईल," महाराज ओरडले. लोक मागे सरले. विष्णुपंत खांबाला टेकून उभे होते.

मालनबाई कामावर निघालेली, हातात टिकाव. ती पुढे झाली.

"म्हाराज, माझी पोरगी गेली तर याच मातीतून उठवनार म्हनता ना? मंग माती बगू द्या."

तिने समाधीचा ओटा फोडला. चार घाव घातल्यावर वास आला. मग लाल कापड दिसलं, कापडात गळ्यातली घुंगरं, आणि मृगाई, जिथे पुरली होती तिथेच. महाराज मागच्या दाराने कधी सटकले, ते कुणालाच कळलं नाही.

मालनबाईने त्या दाराकडे वळूनही पाहिलं नाही. ती विष्णुपंतांसमोर जाऊन उभी राहिली.

"त्यो लुच्चाच हुता, गुरुजी. त्येचं प्वाटच त्यावर. तुमी तर आमाला शिकवलं का कुनाचं खरं धरू नका. आमी कुनाचंच धरलं न्हाई, निस्तं तुमचं धरलं."

विष्णुपंतांनी नंतर बदली करून घेतली. मला त्यांची पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही.

बनूला मी त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू केलं, पण मध्ये खंड पडल्यावर रोगाने पुन्हा उचल खाल्ली होती. श्रावणात ती गेली. कुणी तिला उठवायला आलं नाही.

लोक मला आजही विचारतात, बाई, आता विश्वास ठेवायचा तरी कुणावर? बाबावर नको, हे तर झालंच. पण तो गुरुजी आहे, शिकलेला आहे, आपला आहे, एवढ्यावरही नको. माझ्यावरही नको, माझ्या काचेवरच्या रेघांवरही नको. कुणी चमत्कार सांगितला तर खड्डा कुठे आहे ते विचारा आणि स्वतःच्या हाताने उकरून पाहा. उकरायला वेळ लागेल, लागू द्या. तोवर पोरांचं औषध बंद करू नका.