स्टिअरिंगवरचं एक बोट

आमच्या साउथलंडात कौन्सिलची गाडी डांबरी सोडून आत वळली की फोन सुरू होतात. पहिला फोन कोपऱ्यावरच्या बेकरीतून जातो. "नोलीन निघालीय बरं का, आज तुमच्या बाजूला." मग या घरातून त्या घरात. मी पोहोचेपर्यंत शेड धुऊन लख्ख झालेली असते आणि फाटकाशी उभा असलेला बाप्या डोळे मोठे करून विचारतो, "अरेच्चा, आज इकडे कुठे वाट चुकलीस?" नोकरीला लागले तेव्हा या नाटकाचा संताप यायचा. आता येत नाही. आता नुसते गुडघे दुखतात.

माझं काम सांगायला सोपं आहे. गाईंचं शेणपाणी तळ्यात साठवायचं, जमीन कोरडी असली की कुरणावर फवारायचं आणि ओढ्यात थेंब जाऊ द्यायचा नाही, या अटींवर कौन्सिल परवाना देते. अटी पाळल्या जातात का, ते मी बघते. बघते म्हणजे त्या दिवशी जे डोळ्यांना दिसेल तेच लिहिते. काल काय होतं हे मला गावातल्या कोणीतरी शपथेवर सांगितलं पाहिजे, आणि आमचं गाव असल्या बाबतीत तोंड उघडत नाही. शेजाऱ्याची तक्रार कौन्सिलकडे करणाऱ्या माणसाला इथे कुत्र्यावरूनही ओवाळून टाकत नाहीत.

म्हणून सप्टेंबरातल्या त्या निनावी फोनचं मला नवल वाटलं. हॅल्डेनच्या फार्मवरचं तळं उतू जाऊन मॅकीच्या ओढ्यात चाललंय, असा निरोप होता. हॅल्डेन राहतो लांब शहरात, फार्मवर फिरकतही नाही. गाई ठेक्याने सांभाळतो डूगल टेट. मुकाट माणूस. बायको विकी माओरी, इथल्या मूळ लोकांतली, याच ओढ्याकाठची.

मी निघाले. बेकरीत चहा घेतला, तिथेच चुकले.

तळ्यावर पोहोचले तर डूगल काठावर उभा होता, आणि त्याच्या शेजारी म्हातारा अ‍ॅलेक रिची, पलीकडच्या फार्मचा. अ‍ॅलेकचा चेहरा लग्नघरच्या यजमानासारखा फुललेला.

"ये गं बाई, ये! बघ आमच्या डूगलचं तळं. आहे की नाही एक नंबर?"

तळ्यातलं पाणी काठापासून कमरेइतकं खाली होतं. भिंतीवर वरपर्यंत ओला काळा पट्टा, काठावरचं गवत ओढ्याच्या दिशेने आडवं पडलेलं, आणि मातीत टँकरचे ताजे माग. दोन दिवस पाऊस उघडला होता, ओढाही पुन्हा नितळ वाहत होता. एखाद्याला वाचवल्याचा आनंद अ‍ॅलेकच्या अंगातून ओसंडत होता. डूगल मात्र जमिनीकडे बघत होता. वाचवलेल्या माणसाचं तोंड असं नसतं.

मी बाटलीत ओढ्याचं पाणी भरून घेतलं. त्यातून काही निघणार नाही हे मला ठाऊक होतं. परत फिरले तेव्हा पुलापाशी विकी आडवी आली.

"काय लिहिणार आहेस?"

"दिसलं ते. अटी पाळल्यात."

"पाळल्यात म्हणे!" ती हसली, पण डोळे भरले. "अगं, फोन डूगलने केला होता. आमच्याच गोठ्यातून. हॅल्डेनला दोन वर्षं सांगतोय, तळं लहान पडतंय, मोठं खण. म्हणतो, कौन्सिलला चालतंय ना, मग तुझं काय पोट दुखतंय? तुमची नोटीस आली तरच तो हात हलवणार. आणि आज सकाळी हा अ‍ॅलेक देवासारखा टँकर घेऊन धावत आला! फोनाफोनी झाली ना. तळं उपसून स्वतःच्या माळावर नेऊन टाकलं. डूगल काय सांगणार त्याला, राहू दे, मला नापास व्हायचंय?"

मी कठड्याला टेकले. इतकी वर्षं लोक पास होण्यासाठी माझ्याशी खोटं बोलत आले. नापास कर म्हणणारा पहिला माणूस भेटला, तर त्याला शेजाऱ्यांच्या प्रेमाने गाठलं. मला हसू येईना आणि रडूही.

"माझी आजी इथून वाम मासे काढायची," विकी म्हणाली. "लग्नाकार्याला, मयताला, इथलीच वाम. मी माझ्या पोरींना पायसुद्धा बुडवू देत नाही. पुन्हा पाऊस लागला की पुन्हा तेच होणार, आणि तू येशील तेव्हा पुन्हा कोणीतरी टँकर आणेल."

"एकच मार्ग आहे," मी म्हणाले. "तळं काठोकाठ होतं म्हणून उपसलं, असं अ‍ॅलेकने मला सांगायला हवं, ठेकेदाराच्या एकट्याच्या शब्दावर नोटीस निघत नाही. पण तो मेला तरी डूगलविरुद्ध बोलणार नाही."

"आणि डूगलनेच त्याला बोल म्हटलं तर?"

"मग अ‍ॅलेकला कारण सांगावं लागेल, विकी. फोन कोणी केला तेही."

हॅल्डेन ठेका काढून घेईल, हे आम्हा दोघींना कळत होतं. पण ठेका दुसरीकडे मिळतो. इथे गेलेलं नाव परत मिळत नाही.

आम्ही तळ्याकडे परतलो. विकीने नवऱ्याला बाजूला घेऊन दोन वाक्यांत सांगितलं. डूगलने टोपी काढली, हातात चुरगळली आणि म्हणाला, "अ‍ॅलेक, कौन्सिलला मीच बोलावलं."

अ‍ॅलेक आधी हसला. "चल, काहीतरीच."

"खरंच मी. तळं उतू जात होतं. तिने ते बघावं म्हणून. तू जे उपसलंस ते तिला सांग, दोस्ता. माझ्यासाठी सांग."

म्हाताऱ्याचा चेहरा हळूहळू उतरला. तो डूगलकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळला.

"लिही," तो म्हणाला. "काठोकाठ होतं. वरून वाहत होतं. टँकर माझा. झालं?"

"झालं."

"मग मी जातो. गाई खोळंबल्यात." ट्रॅक्टर सुरू करून तो आमच्यातल्या कोणाकडेही न बघता निघून गेला.

नोटीस गेली. हॅल्डेनने वकील लावून पाहिला, मग निमूटपणे नवं मोठं तळं खणलं. ते चांगलं आहे, मी स्वतः तपासलं. टेटचा ठेका मात्र त्याने वाढवला नाही.

एक जूनला आमच्याकडे सगळे ठेकेदार फार्म बदलतात. रस्ताभर गाईंचे ट्रक, पलंग बांधलेले ट्रेलर. एरवी ज्याचं बिऱ्हाड हलतं त्याच्याकडे अख्खी आळी हात लावायला आणि डबे घेऊन येते. टेटांचं सामान ती दोघं आणि पोरीच भरत होत्या. मी थांबले, दोन खुर्च्या उचलल्या, आणि त्यांच्या मागोमाग निघाले.

आमच्याकडे समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. ओळखीचा असो, अनोळखी असो, भांडलेला असो, बोट उचलतातच. पुलाजवळ समोरून अ‍ॅलेकचा ट्रॅक्टर आला. डूगलने बोट उचललं. मागच्या खिडकीतून पोरींनी हात हलवले. अ‍ॅलेक सरळ रस्त्याकडे बघत त्यांच्या बाजूने निघून गेला.

मग माझी गाडी आली, कौन्सिलचं नाव लिहिलेली, जिला सगळं गाव वर्षानुवर्षं फसवतं. अ‍ॅलेकने माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखं बोट उचललं.