झोपून राहायचा इलाज

सानगडीचा कैलाश धानाच्या उंच रचलेल्या पुंजण्यावरून घसरला आणि डाव्या कुशीवर बैलबंडीच्या दांडीवर आपटला. लघवी लाल झाली, तर घरच्यांनी उष्णता म्हणून धने भिजवलेलं पाणी पाजलं. शेवटी शेजारचे केशवराव त्याला शिव्या घालतच भंडाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन आले. सीटी स्कॅनमध्ये डावी किडनी फाटलेली निघाली. भोवती रक्त साचलं होतं, पण वाहणं थांबलं होतं.

"ऑपरेशन नको," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लघवी साफ होईपर्यंत खाटेवरून उठायचं नाही. रक्त, बीपी आम्ही तपासत राहू."

तिसऱ्या दिवशी कैलाशचा मोठा भाऊ इश्वर आला. सोबत गावचे कृष्णराव. पुतण्याचं औषधाचं दुकान, तेवढ्यावर हे गावभर डॉक्टर.

"ना टाका, ना पट्टी," इश्वर म्हणाला. "नुसता झोपवून ठेवला. झोपायले घरी खाट नाही काय?"

"अन् रोज लघवी पाहून राहिले!" कृष्णराव खिदळले. "याईले दुसरं काम नाही. चाल कैलाश, गाडी खाली उभी आहे."

केशवरावांना किळस आली. पोट फाडलेलं दिसलं तरच यांना इलाज झाल्यासारखा वाटतो. आणि हा मूर्ख कैलाश, उठून बसायलाही लागला.

"पडून राह्य!" केशवराव त्याच्यावर ओरडले.

"काकाजी, भाऊ माहा आहे," इश्वर गुरकावला. "तुमाले काय करा लागते?"

"मीबी असाच शहाणा होतो. माह्या बायकोले, गिरजाले, म्हशीनं धडक मारली होती. इथंच झोपवली होती तिले. मी डॉक्टरवर हसलो, घरी नेतो म्हणून कागदावर सही केली, मोटरसायकलवर मागं बसवलं. लाखनीच्या पुढं म्हणे, अंधारून येते. मी म्हटलं, एवढं ऊन आहे, काय अंधारते? दारात उतरवली तं तिचे पाय ठरत नव्हते. आत पुन्हा रक्त सुटलं होतं. संध्याकाळी गेली."

इश्वर खाटेपासून मागे सरला. कृष्णराव मात्र मिशीवर हात फिरवत म्हणाले, "ते बाईमाणूस होतं. हा गडी आहे."

"किडनीले मिशा रायते काय रे, गाढवा?"

कैलाशची बायको रक्षा इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. तिने खाटेखालच्या नवऱ्याच्या चपला उचलल्या, पिशवीत कोंबल्या आणि पिशवी केशवरावांच्या हातात दिली.

"काकाजी, ह्या तुमच्या घरी न्या," ती म्हणाली. "अन् याईले सांगा, गाडी रिकामीच घेऊन जा म्हणाव."