बांधलेलं चाक

खोटं तुम्ही लिहिलंत, साहेब. खात्याच्या कागदावर, खात्याच्या शाईनं, तीन ओळींत एक माणूस गुंडाळून टाकलात. "नालीचे झाकण सुस्थितीत होते. सायकलस्वार अंधार पडल्यावर दिव्याविना भरधाव जात होता. दोष सर्वस्वी स्वाराचा." खाली लफ्फेदार सही. सहीखाली दोन ठिपके द्यायलाही विसरला नाहीत.

त्या तीन ओळींत ज्याला पुरलंत, त्याच्या बहिणीची ही गोष्ट आहे. तिला तुम्ही ओळखता. तुमच्याच कचेरीत, तळमजल्यावर, तक्रारींच्या दुसऱ्या खिडकीत ती एकोणीस वर्षं बसते. सगळे तिला ताई म्हणतात. तुम्हीही म्हणता, जिना चढताना, तिच्याकडे न बघता.

अपघातानंतर चौदा महिन्यांनी खात्यानं भावाची सायकल परत दिली. गोदामातल्या कारकुनानं ती भिंतीच्या कडेनं ओढत आणली. पुढच्या चाकातून जाड तार घातलेली होती. तार दांड्याला गुंडाळून, पीळ देऊन, वर खात्याच्या छापाचं शिशाचं सील ठोकलेलं. चाक तसूभर हलत नव्हतं.

"हे कापून द्या की," ताई म्हणाली.

"पक्कड नाही आमच्याकडे. घरी नेऊन कापा."

"आणि नेऊ कशी? डोक्यावर?"

"ताई, तुम्ही आपल्याच खात्यातल्या. तुम्हीच असं बोलायला लागलात तर लोकांनी काय करायचं?"

पुढची बाजू उचलून, मागच्या चाकावर ढकलत तिनं सायकल घरी आणली. बाहेरच्या खोलीत, आईच्या पलंगाच्या पायथ्याशी उभी केली. दुसरी जागाच नव्हती.

तिसऱ्या दिवशी आवाज सुरू झाला. संध्याकाळची वेळ, ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. बाहेरच्या खोलीतून बारीक गुरगुर आली. हा आवाज तिनं झोपेतही ओळखला असता. टायरवर दिव्याचा डायनमो घासला की असाच आवाज येतो. कोपऱ्यावरचा उतार उतरून धाकटा भाऊ घरी येताना आधी हा आवाज यायचा, मग घंटी, मग "ताई, भूक लागलीय!" ती धावत बाहेर गेली. सायकल जागेवर. तार जागेवर. चाक घट्ट. आणि आवाज चालूच.

आईला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. दारात ढोल वाजला तरी तिला पत्ता नसतो. ती पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, "आला का गं? सायकल आत घे म्हणावं. अंगणात ठेवतो नि मग सीट तापली म्हणून बोंबलतो."

ताईनं आईला खूण केली, नाही, कोणी नाही. आईनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू वेड ताईलाच लागलं होतं.

धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. दिवसभर लोकांच्या डोळ्यांसाठी मान मोडायची आणि घरी येऊन नकाशात डोकं घालायचं. एकट्यानं, सायकलवर, परदेशात फिरायचं हे त्याचं वेड. सहा वर्षं तो देश निवडत होता आणि सहा वर्षांत त्यानं गावाची वेस ओलांडली नव्हती. काचांच्या कंपनीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याची यादी होती. देशांची खरी नावं त्यानं लिहिलीच नव्हती. म्हणायचा, नाव घेतलं की दृष्ट लागते.

"स्वस्त म्हणजे काय रे तुझं?" ताईनं एकदा विचारलं होतं.

"तिकीट स्वस्त असून उपयोग नाही, ताई. तिकीट एकदाच काढायचं. जिथं तंबू ठोकला तर कोणी हाकलत नाही, जिथं नळाचं पाणी पिता येतं आणि जिथं पंक्चर काढणारा परका बघून भाव वाढवत नाही, तो देश स्वस्त."

"मग चंद्रावर जा."

"बघितलं. तिथं चढ फार."

असा होता तो. त्याच्याशी भांडायला सुरुवात करावी आणि शेवटी आपणच हसत सुटावं.

आठवडाभर ताईनं आवाज सोसला. मग एका रविवारी दुपारी तिनं कॅलेंडर खाली काढलं, जमिनीवर उलटं पसरलं आणि त्याच्याशेजारी नकाशा उघडला. तिच्या मनानं घेतलं होतं की ही सायकल धाकट्याच्या त्या देशाच्या वाटेवर आहे आणि ती पोचेपर्यंत हे थांबणार नाही. ठीक आहे. ती नेईल. तिला सायकल येत होती. भावाला शिकवली होती ती तिनंच, सीट मागून धरून. सदतीस वर्षांत स्वतःसाठी कधी चार दिवस घेतले नव्हते, आणि आता रजा घ्यायची ती मेलेल्या माणसाच्या सहलीसाठी. असू दे. तिला फक्त शांतता हवी होती. त्या घरात एक संध्याकाळ तरी काही न ऐकता बसायचं होतं.

ती मोठ्यानं वाचू लागली.

"डोंगरांचा देश. विमान स्वस्त, गुडघे महाग."

गुरगुर.

"कालव्यांचा देश. रस्ते पोळपाटासारखे. पण तिथं एक कप चहा प्यायचा तर आधी घड्याळ विकावं लागेल."

गुरगुर.

"बेट. बोटीत सायकल फुकट. पण बेट दोन दिवसांत संपतं. मग काय उरलेले दिवस गोल गोल फिरू?"

गुरगुर, जरा जास्तच, म्हणजे हसल्यासारखी.

"नदीचा देश. काठाकाठानं पाचशे किलोमीटर, उतारच उतार. तंबू कुठंही. पाव स्वस्त. माणसं भरपूर बोलतात, आपल्याला एक अक्षर कळत नाही, उत्तम."

आवाज थांबला.

खोलीत इतकी शांतता झाली की आईच्या श्वासाचा आवाज ऐकू येऊ लागला. ताईनं त्या ओळीवर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली. "बरं बाबा," ती म्हणाली. "नदी तर नदी."

रजा मिळाली. एकवीस दिवस. इतक्या झटपट मिळाली की शेजारच्या खिडकीतल्या काकूंनी भुवया उंचावल्या. "माझ्या मुलीच्या लग्नाला चार दिवस देताना यांचा हात थरथरत होता. तुला एकवीस? काहीतरी पाणी मुरतंय बघ."

पाणी मुरत होतंच. खात्यातल्या माणसाला परदेशी जायचं तर खात्याचं ना-हरकत पत्र लागतं. त्यासाठी तुम्ही तिला वर बोलावलंत. खुर्ची दिलीत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. फॉर्मच्या तळाला पेन्सिलीनं एक ओळ वाढवलेली होती: "माझ्या भावाच्या अपघाताबाबत माझी खात्याविरुद्ध कोणतीही तक्रार उरलेली नाही."

"तुमचा तो फेरतपासाचा अर्ज आहे ना, तेवढा मिटवून टाकू," तुम्ही म्हणालात. "जाताना मागं काही लोंबकळत नको. मोकळ्या मनानं जा. कुठं निघालात?"

"नदीच्या देशात."

"वा! छान असतं म्हणे."

ताईनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. महिनाअखेरीला सही करून देते म्हणाली. आणि सही करायचीच हे तिनं मनात ठरवलंही होतं. अर्ज करून वर्ष उलटलं होतं, उत्तर आलं नव्हतं. मेलेला परत येत नाही असं लोक म्हणत होते. तिचा तर रोज संध्याकाळी येत होता, आणि नदी ठरल्यापासूनची शांतता तिला मोडायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सायकलवाल्या काकांना घरी बोलावलं. विमानात न्यायची तर सायकल खोक्यात भरावी लागते, आणि त्यासाठी पुढचं चाक सोडवावं लागतं. काकांचं दुकान कोपऱ्यावर. धाकट्याच्या सायकलचा खिळान्‌खिळा त्यांच्या हातचा. ते पक्कड घेऊन आले, गुडघ्यावर बसले, पक्कड तारेला लावली आणि थांबले.

"ताई, हे कोणी बांधलं?"

"सील? खात्यानं."

"सील नव्हे. त्याच्या खालचं."

ताई वाकली. तारेच्या वेढ्यांखाली, डायनमोभोवती, जुन्या ट्यूबची काळी पट्टी आवळून बांधलेली होती. एका बाजूला कान काढलेली गाठ.

काका पक्कड मांडीवर ठेवून बसले. त्यांचा आवाज खाली आला. "याच्या डायनमोची स्प्रिंग मोडली होती. मीच काढून फेकली. नवी घालतो म्हटलं, तर म्हणाला, काका, देश ठरू द्या, मग सगळंच नवं घेऊ. तोपर्यंत हा असा जुगाड. अंधारून आलं की उतरायचा, डायनमो टायरवर दाबायचा आणि पट्टीनं बांधायचा. उजेडात सोडून ठेवायचा, कारण चाक जड जातं. न बांधता हा डायनमो टायरला लागतच नाही, ताई. आपटला, पडला, काही झालं तरी नाही. आणि ही कानवाली गाठ त्याचीच. मी किती वेळा हसलोय तिला."

"म्हणजे?"

"म्हणजे दिवा लागलेला होता. आणि गाठीवरून यांचीच तार गेलीय, यांच्याच छापाची. नंतर कोणी बांधली म्हणायची सोय नाही." त्यांनी पक्कड खिशात घातली. "मी कापली, तर ही गाठ सुटणार. तुम्ही सांगा. कापू?"

गुरगुर सुरू झाली होती. भरदुपारी. काकांनी बांधलेल्या चाकाकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि चहाही न घेता ते उठले. दारातून मागे न बघता म्हणाले, "सांगा ठरलं की."

आता जे उरलं ते सांगायला ताईला चौदा महिने लागले, आणि तेही तिनं आधी फक्त भिंतीला सांगितलं.

नालीचं झाकण नसल्याची तक्रार धाकट्यानंच केली होती. तिच्याच खिडकीत. रांगेत उभा राहून, नंबर आल्यावर, काउंटरवर कोपर टेकून. "बाई, कोपऱ्याच्या उताराला झाकण गेलंय. कोणीतरी मरेल. जरा लवकर बघा, तुमची ओळख आहे म्हणतात वरपर्यंत." ती म्हणाली होती, "नाटकं करू नकोस, फॉर्म भर." त्यानं फॉर्म भरला. तिनं नंबर दिला.

आणि महिनाअखेर आली. त्या कचेरीत महिनाअखेरीला काय होतं हे तळमजल्यावरच्या उंदरांनाही माहीत आहे. वर पाठवायच्या तक्त्यात शिल्लक तक्रारी शून्य दिसाव्या लागतात. म्हणून दुपारी चारनंतर शाईचा पॅड ओला करायचा आणि उरलेल्या सगळ्या फॉर्मांवर शिक्का मारत सुटायचं: "निकाली". माणूस परत आला तर नवा नंबर. ताईचा हात त्यात इतका बसलेला की ती शिक्के मारताना काकूंशी गप्पा मारायची. भावाच्या फॉर्मवर तिनं गप्पा मारतच शिक्का मारला. अक्षर ओळखीचं वाटलं होतं. वाटलं, उद्या बघू.

सहा आठवड्यांनी तो त्याच नालीत पडला. आणि तुम्ही तोच शिक्का उचलून कागदाला जोडलात: तक्रार निकाली, म्हणजेच झाकण बसवलेलं. झाकण तिनं बसवलं होतं. रबरी शिक्क्यानं.

ती त्या संध्याकाळी सायकलसमोर बसली. पर्समधला फॉर्म काढला. पेन काढलं. गुरगुर वाढत गेली, उतार उतरताना वाढते तशी. आणि बांधलेल्या, न हलणाऱ्या चाकावरचा दिवा लागला. आधी तांबूस, मग पिवळा. उजेड सरळ कागदावर पडला, पेन्सिलीच्या ओळीवर. आई पलंगावरून म्हणाली, "दिवा मालव म्हणावं. घरात कशाला?"

ताईनं पेनचं टोपण लावलं. "राहू दे, आई," ती म्हणाली. "त्याला दिसू दे."

महिनाअखेरीला, दुपारी पावणेचारला, ताई कचेरीत आली. पहिल्यांदाच खिडकीच्या बाहेरच्या बाजूनं. सायकल पुढून उचलून धरलेली. रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर काकूंनी चष्मा कपाळावर चढवला.

"अगं, तू रजेवर ना? विमान कधी?"

"रजेवरच आहे. तक्रार लिहून घ्या."

"कसली?"

"जुनीच. नालीच्या झाकणाची. मागचा शिक्का खोटा होता. मारणारीचं नाव लिहा, मी सांगते." तिनं सांगितलं. काकूंचा हात पॅडकडे गेला, सवयीनं, आणि हवेतच राहिला.

"ताई, नोकरी जाईल गं."

"नंबर द्या, काकू."

काकूंनी नंबर दिला. शिक्का उचलून त्यांनी खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं.

तर साहेब, गोष्ट इथवर आली आहे. ती खाली बाकावर बसली आहे. एकवीस दिवसांची रजा तुम्हीच मंजूर केलीत, सायकलच्या सहलीसाठी. सायकल तिच्याजवळ आहे. नदीचा देश कुठं पळून जात नाही. तार तुमची, सील तुमचं, त्याखालची गाठ त्याची. चार कधीचेच वाजून गेलेत, बाहेर अंधारून येतंय, आणि जिन्यापाशी दिवा लागलेला तुमच्या शिपायानंही पाहिला आहे. चाक बांधलेलं असताना तो आज कसा लागला, हे तुम्हाला कोणी विचारत नाही. त्या संध्याकाळी तो लागलेला होता की नव्हता? खाली या, वाकून ती गाठ बघा, आणि लेखी उत्तर द्या.