तुमचे घड्याळ मागे आहे

घड्याळजींच्या दुकानात भिंतीवर एकवीस घड्याळं होती आणि एकवीसही आपापल्या मनाला येईल ती वेळ दाखवायची. खरी वेळ एकाच ठिकाणी, घड्याळजींच्या मनगटावर. चाळीस वर्षांत ते घड्याळ चुकलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते गिऱ्हाइकाने न विचारताही सांगत. बायको म्हणायची, "या घरात न चुकणारं तेवढं एकच आहे बाई."

त्या दिवशी मनगटावर तीन वाजून पाच मिनिटं झाली होती आणि घड्याळजी कॉम्प्युटरसमोर घामाघूम होऊन बसले होते. बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डोळ्यांच्या दवाखान्याने गुरुवारची तारीख दिली होती, पण दुपारी चारच्या आत त्यांच्या पेजवर रिपोर्ट चढवून तारीख पक्की करायची होती. नाही केली, तर नाव यादीच्या शेपटाला, म्हणजे आणखी चार महिने. याआधी दोनदा तारीख आली होती आणि दोन्ही वेळा 'सध्या कामाची गडबड आहे' म्हणून घड्याळजींनीच ती पुढे ढकलली होती. गडबड कसली डोंबलाची. माणूस घाबरला होता.

रिपोर्ट त्याच कॉम्प्युटरमध्ये होता. रविवारी लेक येऊन ठेवून गेली होती. पेज मात्र काही केल्या उघडेना. लेक बस चालवायची. दोन फेऱ्यांमधल्या पाच मिनिटांत तिने फोनवरून हुकूम सोडले.

"बाबा, रिफ्रेश करा."

"केलं."

"आता सेटिंगमध्ये जाऊन कॅशे साफ करा. मग सगळं बंद करून परत चालू करा."

"तेही झालं. जैसे थे."

"मग तुमचा ब्राउझर जुना झालाय. अपडेट करा. काय म्हणतोय?"

"अपडेट होऊ शकत नाही म्हणतोय."

"इंटरनेट तर चालू आहे ना? राउटरचा दिवा हिरवा आहे का? अजून काही लिहून येतंय का?"

"काही नाही. भलतंच काहीतरी."

तिकडे कुणीतरी शिट्टी मारली. "बाबा, माझी बस निघाली. पुढच्या टोकाला पोचले की फोन करते." पुढचं टोक पन्नास मिनिटांवर होतं. घड्याळजींनी मनगटाकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

बायको काउंटरच्या दुसऱ्या बाजूला स्टुलावर बसली होती. एके काळी दुकानाचे खरे डोळे तिचेच. बायकांच्या घड्याळातले तिळाएवढे स्क्रू तीच बसवायची. वर्षभरापासून ते वाकडे बसत होते. ती जेवायला वर गेली की घड्याळजी ते गुपचूप काढून पुन्हा बसवत. तिला त्यांनी याची कुणकुण लागू दिली नव्हती.

"मला वाचून दाखवा," ती म्हणाली. "पडद्यावर जे जे आहे ते. वरपासून खालपर्यंत."

"अगं, त्यानं काय होणार आहे?"

"नुसतं बसून तरी काय होतंय? वाचा."

त्यांनी वाचलं. "पेज उघडता येत नाही. कनेक्शन सुरक्षित नाही. मग ते निळं बटण."

"आणि?"

"आणि काय! खाली मूर्खासारखं लिहिलंय, तुमचे घड्याळ मागे आहे." त्यांचा आवाज चढला. "सकाळपासून तेच! मला सांगतो, मला! मी दर वेळी मनगटावर बघतो, सेकंदाचाही फरक नाही."

"अहो, त्याला तुमचं मनगट दिसतं का?"

"म्हणजे?"

"त्या मशीनला स्वतःचं घड्याळ असेल ना? लेक मागे दाखवत होती, खालच्या कोपऱ्यात."

घड्याळजींनी चष्मा पुसला आणि कोपऱ्यात पाहिलं. तिथे एक जानेवारी होती, आणि सालही अकरा वर्षांपूर्वीचं. तीन वाजून चाळीस मिनिटं. त्यांनी तारीख लावली, साल लावलं, मनगटावर बघून मिनिट लावलं. मग अपडेटचं बटण दाबलं. रेघ सरकत सरकत शेवटाला गेली, ब्राउझर मिटला आणि पुन्हा उघडला. पाठोपाठ दवाखान्याचं पेजही मुकाट्याने उघडलं.

रिपोर्ट चढला. शेवटी पेजने बजावलं, की यापुढे तारीख बदलता येणार नाही. घड्याळजींचं बोट क्षणभर थांबलं, मग त्यांनी बटण दाबलं. तीन बावन्न झाले होते.

नंतर त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडून पाहिला. आत रुपयाएवढा चपटा सेल मरून पडला होता. रोज दुकान बंद करताना ते भिंतीवरचं बटणच बंद करत, त्यामुळे वेळ सांभाळायची ती या सेलनेच. असे सेल त्यांच्या तिसऱ्या खणात बरणीभर होते. 'घड्याळ बंद पडायची वाट बघू नका, सेल आधीच बदला,' हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत.

"काखेत कळसा," बायको म्हणाली. "मला दिसत नाही म्हणून माझं ऑपरेशन. तुमचं काय करायचं?"

ते हसले. नवा सेल बसवून त्यांनी डब्याचा शेवटचा स्क्रू पिळला. त्याची कुरकुर थांबल्यावर ती म्हणाली, "हाच आवाज. रोज जेवायला वर गेले की जिन्यावर ऐकू येतो. माझे डोळे गेलेत, कान नाही."

घड्याळजींच्या हातातला पेचकस तसाच राहिला. "तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

"मला भीती वाटत होती," ते म्हणाले. "ऑपरेशनमध्ये काही बिघडलं तर? आहे तेवढंही गेलं तर?"

"मलाही वाटते. म्हणून तर एकटी जाणार नाही." तिने चाचपडत खडू शोधला आणि त्यांच्या हातात दिला. "गुरुवारी दुकान बंद, असं पाटीवर लिहा. मोठ्या अक्षरात लिहा, मला वाचायचंय."