किरणासुराच्या छातीवरचा पंजा

बंद पडलेल्या सिनेमागृहात भर दुपारी एवढी गर्दी लोटली होती, की सिनेमे लागत होते तेव्हाही कधी लोटली नसेल. फाटक्या खुर्च्यांवर माणसं खेटून बसली होती. मंचावर दोन झगझगीत दिवे आणि त्यांच्या मधोमध उघड्याबंब अंगाचे किरणस्वामी, हात पसरून, डोळे मिटून उभे. याला म्हणे तेज प्राशन करणं म्हणतात. आपण उन्हात उभे राहिलो तर फक्त घाम येतो.

मग दिवे गेले, आणि मिट्ट काळोखात स्वामींची छाती, पोट, दंड, कपाळ हिरवंगार उजळलं. सगळ्या सभागृहाने एकदम श्वास आत ओढला.

"मी फुटलेला अणू आहे!" स्वामी गरजले. "मला आता कोण फोडणार? शिशाच्या खाणीत युरेनियमच्या झऱ्यानं मला न्हाऊ घातलं. माझ्या तेजानं गाठी वितळतात. पण ज्या अंगाला सुरीचं पोलाद लागेल, त्याला माझा किरण शिवणार नाही."

तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्या चित्रकाराने कपाळावर हात मारून घेतला. युरेनियमचा कधी झरा असतो का? पण हा झरा त्याच्याच डोक्यातून निघाला होता. उमेदीच्या वयात तो मुलांसाठी चित्रकथा काढायचा. त्यातला खलनायक होता किरणासुर, अणुशक्तीने शहरं जाळत सुटलेला. खाणीतला खडक काढायचा तर शेकडो रेघा ओढाव्या लागतात आणि पाणी चार रेघांत भागतं, म्हणून या आळशाने झरा काढला होता. या भामट्याने असुराचा स्वामी केला आणि गाठींचं सोडून बाकीचे संवाद जसेच्या तसे उचलले. लोकांना भजायचंच होतं, तर निदान कथेतल्या नायकाला तरी भजायचं होतं.

चित्रकाराने हे हसण्यावारी नेलं असतं. पण शेजारी त्याची थोरली बहीण, अक्का बसली होती. अक्काच्या गळ्यात लिंबाएवढी गाठ होती आणि सोमवारी शस्त्रक्रिया ठरली होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की गाठ वाईट आहे, आता थांबलात तर पुढे माझ्याही हातात काही राहणार नाही. आणि स्वामींची पोलादाची अट आधीच कानावर आल्याने अक्काने त्याच सकाळी इस्पितळात फोन करून सोमवार रद्द करून टाकला होता.

"अक्का, अगं हा माझा किरणासुर आहे," तो कुजबुजला.

"तुझा असेल नाहीतर कुणाचा. उजळतोय की नाही डोळ्यांदेखत?"

"उजळेल नाही तर काय. आमच्या विशेषांकाचं मुखपृष्ठसुद्धा असंच उजळायचं."

"गप्प बस. तुला घरात दिवा बदलता येत नाही, निघाला स्वामींना शिकवायला."

अक्कापुढे शब्द वाया जातात हे चित्रकाराला लहानपणापासून ठाऊक होतं. दिवे पुन्हा लागले, स्वामी पुन्हा तेज पिऊ लागले, तसा तो अक्काला हाताला धरून मंचावर घेऊन गेला. "महाराज, हिची गाठ फार जुनी आहे. तुम्ही तेज घेताय तोवर हिचा पंजा तुमच्या छातीवर राहू द्या. थेट उतरेल."

इतका भोळा भक्त समोरून आल्यावर स्वामी कशाला नाही म्हणतील? अक्काने हात टेकवला. दिवे गेले. अक्काने हात काढला, आणि हिरव्या छातीच्या मधोमध काळा पंजा उमटलेला दिसला, करंगळी वाकडी असलेला. ती करंगळी अक्काचीच. लहानपणी दारात चेमटली होती.

स्वामी क्षणभर गडबडले, पण धंद्यात मुरलेले होते. "पाहिलंत? रोग बाहेर आला. हा रोगाचा ठसा!"

सभागृह हात जोडून उभं राहिलं. अक्काचे डोळे भरून आले. चित्रकार स्वतःशीच पुटपुटला. घ्या, करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आता हिला ब्रह्मदेवसुद्धा इस्पितळात नेऊ शकणार नव्हता.

त्याने अंधारातच पिशवीतून किरणासुराचा जुना विशेषांक काढला आणि स्वामींच्या पोटावर दाबून धरला. दुसऱ्या हाताने विजेरी पेटवून पोटावर प्रकाश मारला. स्वामी मागे सरकायच्या आत विजेरी विझली होती आणि अंक बाजूला झाला होता. मंदावत आलेलं पोट पुन्हा लखलखत होतं आणि त्यात पुस्तकाएवढा काळा चौकोन.

"आता या पुस्तकाला कोणता रोग झालाय, महाराज?" चित्रकाराने विचारलं. "यालाही गाठ आहे का?"

मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. त्या एका हसण्याने बांध फुटला.

दिवे लागल्यावर त्याने मुखपृष्ठामागची ओळ मोठ्याने वाचली: दिव्याखाली धरा, मग अंधारात पाहा. "हा चमकणाऱ्या भुकटीचा रंग आहे. प्रकाश साठवतो आणि काळोखात थोडा थोडा सोडतो. जिथं प्रकाश पोचला नाही, तिथं तो काळाच राहतो. खरा अणू फुटायला दिव्याची वाट पाहत नाही. आणि इथं खरंच फुटला असता, तर पहिल्या रांगेसकट स्वामीसुद्धा आज इस्पितळात असते." मग त्याने आतल्या पानावरचा किरणासुराचा संवाद वाचला. फुटलेल्या अणूपाशी लोक पोट धरून हसायला लागले. झऱ्यापर्यंत पोचेतो स्वामी मागच्या दाराने पसार झाले होते. उजळणारा माणूस अंधारात लपणार तरी कसा, ही एक अडचणच.

अक्का मात्र हसली नाही. मंचाच्या कडेला बसून ती स्वतःच्या तळहाताकडे पाहत होती.

"मला सुरीची भीती वाटते रे," ती म्हणाली. "आवाज जाऊ शकतो म्हणाल्या बाई. जन्मभर पोरांना गाणं शिकवलं मी. हा म्हणाला कापायचं नाही, तेवढंच मला ऐकायचं होतं."

चित्रकार तिच्याजवळ बसला. "भीती मलाही वाटते. ती घेऊनच जाऊ."

त्याने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. सोमवार अजून रिकामा होता.

तर मंडळी, चमत्कार दिसला की एवढंच करा: थोडा झाकून पाहा. झाकल्यावर काय होतं, हे विचारायला पदवी लागत नाही. आणि जिथं विचारू देत नाहीत, तिथं चपला शोधा आणि घरी या.

गाठ निघाली. आवाजाचं काय झालं, ते दोन दिवस कुणालाच कळेना. तिसऱ्या दिवशी अक्काने चित्रकाराला खुणेने जवळ बोलावलं. तो वाकला, कान तिच्या तोंडाशी नेला.

"युरेनियमचा झरा म्हणे," अक्का घोगऱ्या, पण चांगल्या ठणठणीत आवाजात म्हणाली. "मेल्या, शाळेत लक्ष कुठं होतं तुझं?"